बाग आपली, कागद महापालिकेचे: गल्लीतल्या उद्यानाची सुधारणा कशी मांडायची

'बागेत जरा सुधारणा व्हायला पाहिजे' हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या सभेत एकदा तरी येतं. मग कोणी ओपन जिम म्हणतं, कोणी कारंजं, कोणी सेल्फी पॉइंट. नगरसेवकांना पत्र जातं, वर्ष-दीड वर्षाने पेव्हर ब्लॉकचा ट्रक येतो आणि जुन्या बागेवर नवी फरशी बसते. बाकावर सावली आलेली नसते, संध्याकाळी बायका अजूनही आतल्या कोपऱ्याकडे फिरकत नाहीत आणि जिमच्या सायकलचा पेडल पहिल्या पावसाळ्यात जाम होतो.

हा लेख पहिल्यांदाच अशा कामात पडणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण तिथली पद्धत मला ठाऊक आहे. ठाणे, नाशिक, कोल्हापूर किंवा संभाजीनगरला खात्यांची नावं थोडी बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

१. आधी जागा कोणाची ते बघा

हे कंटाळवाणं आहे, पण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं. गल्लीतली बाग साधारण तीन प्रकारची असते. विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित होती, महापालिकेच्या ताब्यात आली आणि तिने विकसित केली, हा पहिला प्रकार. दुसरा, ले-आउट पाडताना सक्तीने सोडलेली मोकळी जागा, जिला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर अशी १० टक्के जागा ठेवावी लागते, आणि जुन्या नियमांतही अशी तरतूद होतीच. ही जागा बहुतेक वेळा तिथल्या प्लॉटधारकांची सामाईक असते. तिसरा प्रकार म्हाडा, सिडको किंवा एखाद्या सरकारी वसाहतीच्या जागेचा.

ओपन स्पेसवर महापालिकेने आधी कधी पैसा खर्च केला असेल, तर त्याचा काही करार किंवा ठराव असतो. तो हाती नसेल तर अर्जावर 'जागा महापालिकेच्या ताब्यात नाही' असा शेरा येतो आणि वर्ष जातं. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढा, विकास आराखड्यातला झोन दाखला (जागा कशासाठी राखलेली आहे ते सांगणारा कागद) काढा. कार्यालयात कोणी नीट सांगत नसेल तर माहिती अधिकारात विचारा: १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवसांची मुदत. त्याच अर्जात आणखी एक प्रश्न घाला: गेल्या तीन वर्षांत या उद्यानावर कोणत्या कामासाठी किती खर्च झाला? उत्तर वाचताना डोळे उघडतात. कधी कधी तर जे काम तुम्ही मागणार असता, ते कागदावर आधीच झालेलं असतं.

२. बाकावर बसा आणि मोजा

सूचना गोळा करायची घाई करू नका. आधी बाग जशी आहे तशी नोंदवा. एक कोरा कागद घ्या, दिवसाचे पाच तुकडे पाडा: पहाट, सकाळ, भरदुपार, संध्याकाळ, अंधार पडल्यानंतर. प्रत्येक वेळी अर्धा तास बसून नुसतं मोजायचं. पुरुष किती, बायका किती, शाळेतली मुलं किती, त्यात मुली किती, काठी घेऊन चालणारे किती, आणि कोण कुठे बसलंय. कामाच्या दिवशी एकदा, रविवारी एकदा. जमल्यास पावसात एकदा, कारण पाणी कुठे तुंबतं हे एप्रिलमध्ये कळत नाही आणि अंदाजपत्रकं मात्र बहुधा कोरड्या दिवसांतच तयार होतात.

चार घरांतल्या चार जणांनी वेळा वाटून घेतल्या तर काम जड जात नाही. हाती येतं ते बहुधा अनपेक्षित असतं. पहाटे ट्रॅकवर गर्दी, पण बहुतेक पन्नाशीपुढची. संध्याकाळी घसरगुंडीपाशी रांग आणि शेजारच्या हिरवळीवर 'चालू नये' ची पाटी. बारा-तेरा वर्षांच्या मुली कुठेच नाहीत. पुण्यात बऱ्याच महापालिका उद्यानांना भरदुपारी कुलूप असतं. त्या वेळात परिसरातल्या घरकामाच्या मावशी दोन कामांच्या मधला तास कुठे काढतात ते बघा. बागेच्या बाहेर, कट्ट्यावर, डबा मांडीवर घेऊन. सावली कुंपणाच्या आत, माणसं बाहेर.

याच वेळी हाताने नकाशा काढा. मोजपट्टी नसेल तर पावलांनी. झाडं (नाव आणि छातीच्या उंचीवर दोरीने मोजलेला घेर), नळ, दिव्याचे खांब, चालू दिवे, बंद दिवे, ड्रेनेजची झाकणं, आणि हिरवळीतून लोकांनी आपणहून पाडलेल्या पायवाटा. या पायवाटांकडे नीट बघा. लोकांना कुठून कुठे जायचंय ते त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं.

क्षेत्रफळही काढून ठेवा, पुढे भांडणात उपयोगी पडतं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठ्यांची बाग चौरस धरली तर परिघ सव्वाशे मीटरच्या आसपास भरतो. कडेने दीड मीटर रुंदीचा ट्रॅक मागितला तर एका किलोमीटरला आठ फेऱ्या, आणि बागेचा सहाव्या हिश्श्याहून जास्त भाग फरशीखाली. ट्रॅक नको असं मी म्हणत नाही. आकडा समोर ठेवून बोला, एवढंच.

३. विचारा, पण 'काय हवं?' असं विचारू नका

'काय हवं?' विचारलं की लोक दुसऱ्या बागेत पाहिलेली वस्तू सांगतात. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानासारखं जपानी काहीतरी करा, असंही कोणी सांगेल. तुमच्याकडे दहा गुंठे आणि एक बोअर आहे. शिवाय वस्तू मागितली की वस्तूच मिळते, अडचण तशीच राहते.

त्याऐवजी तीन प्रश्न पुरतात. शेवटचं बागेत कधी आलात? किती वेळ बसलात? आणि का उठलात?

सगळा माल तिसऱ्या प्रश्नात आहे. 'बाकाला पाठ नाही, कंबर दुखते.' 'डास.' 'नातवाला लघवीला नेलं, तिथे पाणी नव्हतं, मग घरीच गेले.' 'सात वाजले की त्या बाजूचा दिवा लागत नाही.' 'मुलं क्रिकेट खेळतात, चेंडू लागतो.' यातल्या एकाही उत्तरात कारंजं नाही. आणि यातली बरीच कामं काही हजार रुपयांत होणारी आहेत.

जे बागेत येतच नाहीत त्यांना हाच प्रश्न जरा फिरवून विचारा: यायचं का सोडलं? किंवा, आलाच नाहीत ते का? व्हीलचेअर वापरणारा माणूस बागेत दिसत नाही, याचं कारण बहुधा गेटवरच असतं. दुचाकी आत येऊ नये म्हणून लावलेलं ते नागमोडी लोखंडी गेट बाबागाडीलाही अडवतं.

आता विचारायचं कुठे. रविवारी सकाळी अकराला सभा लावली तर कोण येतं ते सगळ्यांना माहीत आहे: निवृत्त गृहस्थ, दोन माजी पदाधिकारी आणि ज्यांचं एकमेकांशी पार्किंगवरून वाजलंय असे काही. त्यांचंही ऐकायचं; बागेचा इतिहास त्यांनाच पाठ असतो. पण तेवढ्यावर 'नागरिकांची मागणी' म्हणून सही करू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं मतदान त्याहून वाईट. जो ग्रुपवर आहे आणि ज्याला रात्री अकराला टाइप करायला वेळ आहे त्याचंच मत तिथे पडतं, आणि शेजारच्या वस्तीतलं कोणी त्या ग्रुपवर नसतं.

माणसं जिथे आधीच जमतात तिथे जा. गणपतीत मंडपाच्या बाजूला एक टेबल आणि तो हाताने काढलेला नकाशा मांडा, येणाऱ्याला टिकल्या द्या: आवडत्या जागी हिरवी, टाळतो त्या जागी लाल. संध्याकाळच्या आरतीनंतर अर्ध्या तासात नकाशा बोलायला लागतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणातरी काकूंना तीन प्रश्नांचा कागद घेऊन पाठवा. अंधाऱ्या कोपऱ्याबद्दल, कोपऱ्यात बसणाऱ्या टोळक्याबद्दल तिथे जे ऐकू येतं ते पुरुषांच्या सभेत कधीच निघत नाही. महापालिकेच्या जवळच्या शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांना बागेचं चित्र काढायला सांगा. वस्तीत जाताना तिथल्याच एखाद्या ताईंना सोबत घ्या. फॉर्म भरायला लावू नका. तुम्ही विचारा, तुम्ही लिहा.

आणि माळीदादा. बहुतेक ठिकाणी देखभाल ठेकेदाराकडे असते आणि माळी त्याचा माणूस. कोणता व्हॉल्व्ह गळतो, कोणत्या वाफ्यात काहीच जगत नाही, स्प्रिंकलर कधीपासून बंद आहे, रात्री कुंपण कुठून उडी मारून ओलांडतात, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याला कोणी विचारत नाही. चहा पाजा, त्याच्यासोबत एक फेरी मारा, पण त्याचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. त्याची नोकरी आहे.

४. भांडणं होणार, ती आधीच मांडा

क्रिकेट विरुद्ध लहान मुलं हे भांडण जागेपेक्षा वेळेने जास्त सुटतं. तुमच्या मोजणीच्या कागदावर कोणती वेळ रिकामी आहे ते दिसतं. ती मोठ्या मुलांना द्या आणि ते त्यांच्याच तोंडून कबूल करून घ्या. बंदीच्या पाट्या लावून आजवर एकही चेंडू थांबलेला नाही.

कुत्र्यांचा विषय निघाला की सभा संपते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर ठरवून द्यावी असं म्हटलं आहे. म्हणजे 'खायला घालायचंच नाही' आणि 'मी कुठेही घालणार' ही दोन्ही टोकं बाद. जागा कोणती, एवढ्यावर चर्चा ठेवा.

कोणीतरी छोटं मंदिर किंवा पुतळा सुचवेल. सार्वजनिक उद्यानं आणि रस्त्यांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामं होऊ देऊ नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. तो शांतपणे सांगा, वाद घालू नका, पुढच्या मुद्द्यावर जा.

'जोडपी बसतात' ही तक्रारही येईल आणि तिच्यावर उपाय म्हणून झुडपं तोडायची, बाकं काढायची मागणी येईल. माझं मत स्पष्ट आहे: बाकं काढली की आजोबाही उठतात. उजेड आणि वावर वाढवा, बाकीचं सोडून द्या.

५. झाडांना हात लावण्यापूर्वी

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण आणि जतन कायदा आहे. तोडण्यासाठी, पुनर्रोपणासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा आला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली. त्यामुळे तुमच्या आराखड्यात एखादं झाड 'मध्ये येत' असेल तर आराखडाच वळवा. कागदोपत्रीही तेच सोपं.

खरा धोका कुऱ्हाडीपेक्षा फरशीचा. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट बुंध्याला भिडवून टाकलं की मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळत नाही. झाड तीन-चार वर्षं हिरवं दिसतं आणि एका वळवाच्या वाऱ्यात आडवं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या मागणीपत्रात हे वाक्य शब्दशः घाला: 'प्रत्येक झाडाभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवावी.' ते पत्रात नसेल तर ठेकेदार ठेवत नाही, कारण त्याला बिल फरशीच्या चौरस मीटरवर मिळतं.

नवी झाडं लावताना बहावा, ताम्हण, कांचन, करंज, कडुनिंब, सोनचाफा यांतून निवडा. मोठी जागा असेल तर उंबर, कदंब. गुलमोहर देखणा, पण लाकूड ठिसूळ; खेळण्याच्या जागेवर नको. सप्तपर्णीच्या फुलांचा वास ऑक्टोबरच्या आसपास रात्री इतका उग्र येतो की शेजारच्या इमारतीतून तक्रारी येतात, म्हणून खिडक्यांलगत ती नको. आणि वृक्षारोपण जुलैत. पाहुण्यांच्या तारखेप्रमाणे मार्चमध्ये लावलेली रोपं बहुतेक मे पाहत नाहीत.

६. मागणीचा कागद

जमलेल्या सगळ्यातून तीन याद्या करा. पहिली, दुरुस्तीची: दिवे, नळ, तुटलेला झोका, स्वच्छतागृहातलं पाणी, बाकांना पाठ आणि हात. हिला अंदाजपत्रकाची वाट बघावी लागत नाही. देखभालीच्या ठेक्यात यातलं बरंचसं आधीच असतं, क्षेत्रीय कार्यालयात आणि उद्यान विभागात तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ही यादी आधी मार्गी लावा. दोन दिवे लागले की लोकांचा विश्वास बसतो आणि पुढच्या कामाला माणसं मिळतात.

दुसरी, छोट्या नव्या कामांची. गेटची रुंदी, उताराचा रस्ता, मुलांच्या खेळण्याखाली वाळू किंवा रबरी फरशी, सावलीत चार बाकं. उताराचं माप लिहूनच द्या: १ ला १२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार. नुसतं 'रॅम्प हवा' लिहिलं तर असा उभा चढ मिळतो की धडधाकट माणूसही धावत उतरतो. वाट किमान १.२ मीटर रुंद. तिसरी, मोठी कामं: नवं स्वच्छतागृह, पावसाच्या पाण्याचा निचरा, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी बागेपर्यंत आणणं. ही एका वर्षात होत नाहीत.

प्रत्येक कामापुढे कारण लिहा, आणि कारण म्हणजे तुमची मोजणी. 'ज्येष्ठांसाठी बाकं आवश्यक' यापेक्षा 'संध्याकाळी ६ ते ७ मध्ये ज्येष्ठ इतके, पाठ असलेली बाकं इतकी' हे कनिष्ठ अभियंत्याला फाइलवर उतरवून घेता येतं. सोबत नकाशा, तारीख असलेले फोटो, सह्या. सह्यांमध्ये वस्तीतले, दुकानदार, भाजीवाल्या मावशीही असू द्या.

७. पैसा आणि वेळ

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे. ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ ची. पुण्यात ती अर्जाच्या रूपात आली. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुढच्या आर्थिक वर्षासाठी सूचना मागवतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन देता येतो. कामाच्या रकमेला मर्यादा असते. अनेक वर्षं ती ५ लाख रुपये होती. चालू वर्षाची मर्यादा जाहीर सूचनेत बघून घ्या. मोठं काम एकाच अर्जात कोंबलं तर बाद होतं. तुकडे पाडा, पण प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उपयोगी हवा: नुसता अर्धा ट्रॅक नको.

यावरून तुमचं वेळापत्रक ठरतं. मोजणी एप्रिल ते जून, पावसाची नोंद जुलैत, अर्ज ऑगस्टमध्ये. गणपतीच्या मंडपातली टिकल्यांची नोंद अर्जाच्या मुदतीत बसली तर उत्तम, नाहीतर ती पुढच्या वर्षासाठी. मुदत चुकली तर नगरसेवकांचा प्रभागातला निधी किंवा आमदार निधी हे मार्ग उरतात. तिथे काम लवकर होऊ शकतं, पण पाटीवरचं नाव आणि कामाची निवड दोन्ही त्यांच्या हातात जातात. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, गल्लीतल्या बागेसाठी क्वचितच मिळतो, आणि मिळाला तर बहुधा लोगो लावता येईल अशाच वस्तूला.

काम अंदाजपत्रकात आलं म्हणजे झालं असं समजू नका. पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज), निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) एवढं सगळं बाकी असतं आणि मध्येच आचारसंहिता लागली तर सगळं थांबतं. ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली तरतूद हातची जाते, म्हणून दिवाळीनंतर दर महिन्याला एकाच माणसाने, त्याच टेबलावर, फाइल कुठे आहे ते विचारायचं. दर वेळी नवा माणूस गेला की गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. पूर्वगणनपत्रक तयार होताना अभियंत्यासोबत बागेत एक फेरी मागा. कागदावरचा 'सिमेंट बाक' तिथेच 'पाठ आणि हात असलेला बाक' होऊ शकतो; निविदा निघाल्यावर होत नाही.

८. काम चालू असताना आणि नंतर

कार्यादेशाची प्रत मागून घ्या. त्यात काय, किती, कोणत्या दर्जाचं ते लिहिलेलं असतं. हातात ती असली की मुकादमाशी आवाज चढवावा लागत नाही; 'इथे चार खांब लिहिलेत, तीन दिसतायत' एवढं पुरतं. उत्साही मंडळींनी मात्र रोज उभं राहून सूचना देऊ नयेत. एक माणूस ठरवा, बाकीच्यांनी त्याला सांगायचं, त्याने अभियंत्याला लेखी कळवायचं.

नवीन वस्तू आली की तिचं पाणी, वीज आणि किल्ली कोणाकडे, हे काम संपण्याआधी विचारा. मे महिन्यात बोअर आटला तर टँकर कोण पाठवणार? स्वच्छतागृहाचं कुलूप सकाळी कोण उघडणार? यांची उत्तरं नसतील तर वस्तू घेऊच नका, असं मी लोकांना सांगतो, आणि ते कोणाला आवडत नाही.

कार्यादेशातच दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत काही मोडलं, उखडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. ती तारीख कॅलेंडरवर ठळक करा. मुदत संपायच्या महिनाभर आधी कार्यादेशाची प्रत हातात घेऊन पूर्ण फेरी मारा, प्रत्येक वस्तू हलवून बघा, यादी करून पत्र द्या आणि पोच घ्या. मुदत उलटून गेली की तोच निखळलेला झोका नव्या पूर्वगणनपत्रकात जातो, आणि नंबर लागतो पुढच्या एप्रिलनंतरचा.